महागड्या ऑइलनं गाडी पळते का?

न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणं म्हणजे इंजिनाची सत्त्वपरीक्षाच. एक चालक उतरतो, दुसरा बसतो, पण गाडी थंड व्हायला सवड मिळत नाही. सिग्नलला घरघरत उभं राहायचं, सुटलं की पळायचं, पन्नास पावलांवर पुन्हा थांबायचं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकानं इंजिन ऑइलचा कस पाहायला नेमक्या याच टॅक्सी निवडल्या. हे मासिक जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू बाजारातून पैसे मोजून विकत आणतं. त्यामुळे त्याच्या चाचणीत कोणाची भीडभाड नसते.

चाचणी भरभक्कम होती. ७५ टॅक्सींची इंजिनं नव्यानं बांधली. प्रत्येकीत एकसारखे नवे बेअरिंग, नव्या रिंगा, नवा कॅमशाफ्ट. मग कुणात या ब्रँडचं ऑइल, कुणात त्या ब्रँडचं, काहींत साधं खनिज तेल तर काहींत महाग सिंथेटिक. काही इंजिनांत तेव्हा जोरात खपणारी 'स्लिक ५०' आणि 'एसटीपी' ही ऑइलमध्ये वरून ओतायची ॲडिटिव्हसुद्धा घातली. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर पळली. बहुतेक टॅक्सींचं ऑइल दर ६,००० मैलांना बदललं. शेवटी इंजिनं खोलली, कॅम आणि बेअरिंग किती झिजलेत ते सूक्ष्म मापानं मोजलं, गाळ आणि चिकट थर किती साचलाय तेही तपासलं.

निकाल जुलै १९९६च्या अंकात आला. ब्रँडनुसार झिजेत दखल घ्यावी असा फरक नव्हता. महाग सिंथेटिक आणि साधं ऑइल यांतही नाही. ॲडिटिव्ह घातलेली इंजिनं न घातलेल्या इंजिनांहून चांगली निघाली नाहीत. इतकंच काय, दर ३,००० मैलांना ऑइल बदललेल्या टॅक्सींनाही त्याचा वेगळा फायदा झालेला दिसला नाही.

मासिकानं एक मर्यादाही प्रांजळपणे सांगितली होती. टॅक्सीचं इंजिन क्वचितच गार पडतं. सकाळी एकदा सुरू करायचं, दोन किलोमीटरवर ऑफिस, मग संध्याकाळपर्यंत बंद, हा घरगुती गाडीचा दिनक्रम या चाचणीत आलाच नाही. हा मुद्दा लहान नाही, आणि महाग ऑइलच्या बाजूनं जे काही बोलता येतं त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं.

तरी आधी मुळाशी जायला हवं. ऑइल ताकद निर्माण करत नाही. ताकद पेट्रोल किंवा डिझेल देतं. त्यातली जी ताकद धातूवर धातू घासण्यात वाया जाते, तेवढीच ऑइल वाचवू शकतं. मग वाया जाते तरी किती? केनेथ होल्मबर्ग या फिनलंडमधल्या संशोधकानं सहकाऱ्यांसह २०१२मध्ये याचा ताळेबंद मांडला. प्रवासी गाडीत जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश घर्षणावर मात करण्यात जाते. त्यात टायर आहेत, गिअरबॉक्स आहे, ब्रेक आहेत. इंजिनाच्या आतल्या घर्षणाच्या वाट्याला सुमारे साडेअकरा टक्के येतात. समजा, एखाद्या द्रवानं यातलं दहा टक्के घर्षण खरोखर कमी केलं. ही कामगिरी मोठीच म्हणायची. तरी इंधनात दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक पडणार नाही. म्हणजे ॲडिटिव्हच्या बाटलीवर 'ॲव्हरेज २० टक्के वाढवा' असं छापलेलं असेल, तर तो आकडा बाटलीत काय आहे हे न पाहताही बाजूला ठेवता येतो.

इंजिनात ऑइल नेमकं काय करतं, हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं ते एका बुचामुळे. १८८३मध्ये बोशँप टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. वरून तेल सोडता यावं म्हणून त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊन सांडायला लागलं. टॉवरनं बूच बसवलं. बूच उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू वर ढकलली गेली. शेवटी त्यानं तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास होता, आणि मापकाचा काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. म्हणजे फिरणारा आसच तेलाला स्वतःबरोबर ओढून बेअरिंगखाली कोंबत होता, आणि त्या दाबावर अख्खा भार तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता. १८८६मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं.

आजच्या गाडीचा क्रँकशाफ्टही असाच तरंगतो. तिथे एकच गुण कामी येतो, तेलाचा योग्य दाटपणा. धातूवर कसलं अद्भुत अस्तर चढवण्याचा दावा तिथे निरर्थक ठरतो, कारण त्या दोन पृष्ठभागांची गाठच पडत नाही.

गाठ पडते ती दुसरीकडे. कॅमचं टोक टॅपेटवर घासतं तिथे, पिस्टन वर जाऊन क्षणभर थबकतो तिथल्या रिंगांवर, आणि सकाळी चावी फिरवल्यावर ऑइल वर पोहोचेपर्यंतच्या काही क्षणांत. इथे तेलाचा थर तुटतो आणि रसायनाची गरज पडते. ते रसायन १९४०च्या दशकापासून ऑइलमध्ये आहे: जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग, ज्याला तेलउद्योगात झेडडीडीपी म्हणतात. जिथे दाब आणि उष्णता वाढते नेमकं तिथेच ते धातूवर काचेसारखा थर बांधतं. थराची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास, माणसाच्या केसाच्या सातशेव्या-आठशेव्या हिश्शाएवढी. थर झिजला की पुन्हा बांधला जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि एक्झॉनमोबिल इथल्या संशोधकांनी २०१५मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईखाली हा थर वाढताना पाहिला आणि दाब वाढेल तसा तो झपाट्यानं वाढतो हे दाखवून दिलं.

हे इतकं हुशार रसायन योग्य मानकाच्या साध्या ऑइलमध्ये आधीपासूनच असतं. चांगल्या ऑइलमध्ये असं बरंच काही असतं: काजळी धरून ठेवणारं, आम्ल मारणारं, फेस होऊ न देणारं, तेल लवकर सडू न देणारं. आणि यांचं प्रमाण एकमेकांना सांभाळून ठरवलेलं असतं. झेडडीडीपी चांगलं म्हणून दुप्पट घालता येत नाही. त्यातला फॉस्फरस धुरातून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणूनच आजच्या प्रचलित पेट्रोल ऑइलमध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. वरून ओतलेल्या बाटलीतलं रसायन धातूच्या त्याच जागेसाठी झेडडीडीपीशी झगडू लागलं, तर तो जमवलेला मेळ बिघडतो.

तरी बाटल्या खपतात, आणि त्या कशा खपल्या याचा इतिहास अमेरिकेत नोंदवून ठेवलेला आहे.

१९६०च्या दशकात 'एसटीपी'चा कारभार अँडी ग्रॅनाटेली या शर्यतवेड्या माणसाच्या हाती आला. १९६९ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत मारिओ आंद्रेत्तीनं जिंकली ती त्याच्याच गाडीत. एसटीपीच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत स्क्रूड्रायव्हरचं टोक एसटीपीत बुडवायचे आणि धट्ट्याकट्ट्या माणसाला ते चिमटीत पकडून उचलायला सांगायचे. टोक निसटायचं. प्रेक्षक थक्क. पण बोटांतून काय निसटतं आणि १०० अंश तापलेल्या बेअरिंगमध्ये काय टिकतं, यांचा एकमेकांशी संबंध नाही. साध्या तेलात बुडवलेलं टोकही हातातून सुटतंच. १९७१मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं एसटीपी हे मुख्यतः ऑइल दाट करणारं द्रव्य आहे आणि नव्या गाडीला त्याचा उपयोग नाही असं लिहिलं. गाडी ऑइल कमी खाईल या जाहिरातींवरून सरकारी फेडरल ट्रेड कमिशनशी वाद झाला. १९७८मध्ये कंपनीनं सात लाख डॉलर मोजून तडजोड केली. त्यातले दोन लाख या तडजोडीची जाहीर सूचना छापण्यासाठीच होते.

नंतर आलं 'स्लिक ५०'. त्यात पीटीएफई होतं, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं ते टेफ्लॉन. कल्पना मनाला पटकन भावते: तव्याला जसं काही चिकटत नाही तसं इंजिनात काही घासणार नाही. पण तव्यावर पीटीएफई बसवायला धातू स्वच्छ करून, खरवडून, साडेतीनशे अंशांच्या वर भाजावा लागतो. इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं, आणि तिथला धातू तेलानं माखलेला. तिथे थर बसायचा कसा? फेडरल ट्रेड कमिशननं १९९६मध्ये कंपनीवर तक्रार दाखल केली. बाकीच्या गाड्यांची इंजिनं सुरू होताना उघडी पडतात आणि स्लिक ५० त्यांवर अस्तर चढवतं, हे दावे आधार नसलेले आहेत असा आरोप तिच्यात होता. १९९७मध्ये प्रकरण मिटलं ते ग्राहकांना किमान एक कोटी डॉलरची भरपाई देण्याच्या बोलीवर.

'झीमॅक्स' या ॲडिटिव्हचं प्रकरण तर याहून गंभीर. २००१मध्ये कमिशननं म्हटलं, की कंपनी ज्या चाचणीचा हवाला देते तिच्याच निष्कर्षांत झीमॅक्स घातलेल्या ऑइलमध्ये बेअरिंगचं गंजणं साध्या ऑइलच्या दुपटीहून अधिक आढळलं होतं. तोच भाग जाहिरातीत आला नव्हता. २००३मध्ये दहा लाख डॉलरवर तडजोड झाली.

मग 'बाटली घातल्यापासून गाडी लोण्यासारखी चालते' असं मनापासून सांगणारी माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. बाटली बहुधा सर्व्हिसिंगच्या दिवशीच ओतली जाते. त्याच दिवशी जुनं काळं ऑइल जाऊन नवं येतं, एअर फिल्टर बदलतो, टायरमध्ये हवा नीट भरली जाते. दाट द्रवानं टॅपेटचा आवाज खरोखर दबतो, पण झीज कमी होत नाही. पैसे खर्च केलेल्या चालकाचा पायही ॲक्सिलरेटरवर जरा हलका पडतो. आणि टाकी फुल करून काढलेल्या ॲव्हरेजमध्ये पंपावरचा नॉझल कधी बंद झाला एवढ्यानंही काही टक्के इकडेतिकडे होतात. एक-दोन टक्क्यांचा खरा फरक पकडायला पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारखी प्रयोगशाळा लागते. तिथे गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. रोजच्या रस्त्यावर हा फरक वाहतुकीतच हरवतो.

सिंथेटिक ऑइलला मात्र या बाटल्यांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. तिथे गुण खरे आहेत. प्रश्न एवढाच, की ते आपल्या इंजिनाला लागतात का.

खनिज तेल कच्च्या तेलातून गाळून काढतात, त्यामुळे त्यात लहानमोठ्या रेणूंची सरमिसळ असते. काही रेणू थंडीत गोठू पाहतात, काही उष्णतेनं उडून जातात. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे एकसारखे असतात. 'सिंथेटिक' कोणाला म्हणायचं यावरही भांडण झालं आहे. कॅस्ट्रॉलनं आपल्या 'सिंटेक'मध्ये प्रयोगशाळेत जोडून बनवलेल्या तेलाऐवजी हायड्रोजनच्या दाबाखाली कच्च्या तेलाचेच रेणू नव्यानं घडवलेलं तेल वापरायला सुरुवात केली, तेव्हा मोबिलनं जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून डब्यावरचा 'फुल्ली सिंथेटिक' हा शब्द दोन वेगळ्या घराण्यांच्या तेलांवर छापला जातो.

२०१७मध्ये एएए या अमेरिकी मोटारचालक संघटनेनं पाच सिंथेटिक आणि पाच साधी ऑइलं प्रयोगशाळेत तपासली. तापून दाट न होणं, कमी उडणं, थंडीत वाहतं राहणं, गाळ कमी सोडणं, अशा कसोट्यांवर सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांनी सरस निघालं. हा आकडा जाहिरातीत 'इंजिन ४७ टक्के चांगलं चालेल' असा वाचला जातो, ते चूक आहे. तो आकडा ऑइलच्या टिकाऊपणाचा आहे. पिकअपचा नाही, ॲव्हरेजचाही नाही.

टिकाऊपणा कुठे कामी येतो, हे डब्यावरचे आकडे सांगतात. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. ०डब्ल्यू ऑइलची थंडीची एक चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०, १५डब्ल्यूची उणे २०. लेहमध्ये जानेवारीत गाडी सुरू करणाऱ्याला हा फरक जिवाचा. नागपूर किंवा नाशिकच्या थंडीत १५डब्ल्यूही गोठत नाही. पण पातळ ऑइल आपल्याकडे बिनकामाचं, असं मात्र नाही. इंजिनाच्या हिशेबात २५ अंशांची सकाळही गारच असते, कारण त्या तापमानाला ऑइल चालत्या इंजिनातल्यापेक्षा कितीतरी पट दाट असतं. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पातळ ऑइल लवकर वर पोहोचतं. शिवाय अमेरिकी सरकारच्या माहितीप्रमाणे, कंपनीनं ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातलं तर इंधनाचा एक ते दोन टक्के तोटा होतो. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालली तर तिला साडेपाचशे लिटरहून थोडं अधिक पेट्रोल लागतं. एक टक्का म्हणजे साडेपाच लिटर. ऑइलच्या किमतीतला फरक भरून निघावा इतपत हा लाभ आहे, त्याहून मोठा नाही.

आपल्याकडे चूक उलट्या दिशेनं होते. पद्मिनी-ॲम्बॅसेडरच्या जमान्यात २०डब्ल्यू-४० सर्रास चालायचं, आणि 'घट्ट ऑइल म्हणजे दमदार ऑइल' ही समजूत गॅरेजांतून अजून गेलेली नाही. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, आणि तिच्या वाटा बारीक असतात. तिथे दाट ऑइल घातलं की ती यंत्रणा सुस्तावते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

जास्त पैसे मोजावेत अशी जागाही आहे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टर्बो इंजिनासारखी छोटी इंजिनं मोठ्या इंजिनाचं काम करतात. अशा थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जोर लावला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. तो धक्का पिस्टन फोडू शकतो. यात ऑइलचाही हात असतो हे कळलं: स्वच्छतेसाठी घातलेलं कॅल्शियमचं संयुग या अवेळी भडक्याला उत्तेजन देतं, मॅग्नेशियमचं तसं देत नाही. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय मानकांत २०१८मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२०मध्ये 'एसपी' आलं. टर्बो पेट्रोल गाडीत एसपी किंवा त्यापुढचं ऑइल घालणं ही चैन नव्हे, गरज आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांचंही तसंच. त्यांच्या धुराच्या फिल्टरमध्ये ऑइलची राख साचते आणि ती काजळीसारखी जाळून टाकता येत नाही. तिथे कमी राखेचंच ऑइल हवं.

ही मानकं मिळवायला ऑइलला खऱ्या इंजिनात तळून निघावं लागतं. एका चाचणीत ३.६ लिटरचं क्रायस्लर इंजिन एकूण ९० तास चालवतात, तेही ऑइल १५० अंशांच्या आसपास ठेवून. दुकानाच्या काउंटरवरची ॲडिटिव्हची बाटली एपीआयच्या या मानकात मोडत नाही, त्यामुळे तिच्यावर त्या मानकाची खूण शोधूनही सापडणार नाही.

मोटारसायकलवाल्यांनी तर कारचं महाग ऑइल आपल्या गाडीत घालूच नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधलं घर्षण कमी करणारं द्रव्य क्लचप्लेटांनाही निसरडं करतं. रेस वाढते, गाडी ओढत नाही. तिला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही जपानी खूण हवी. क्लच कोरडा असलेल्या स्कूटरला एमबी चालतं.

पेट्रोलमध्ये घालायच्या द्रव्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी डिटर्जंट खरंच काम करतात. एएएच्या २०१६च्या तपासणीत जादा डिटर्जंट नसलेल्या पेट्रोलनं १९ पट अधिक गाळ सोडला. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मात्र वेगळी वस्तू आहे. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं 'एक्सपी१००' ज्यांच्या इंजिनात मिश्रण खूप दाबलं जातं त्या गाड्यांसाठी आहे. ९१ ऑक्टेनसाठी बांधलेल्या हॅचबॅकला त्यातला वरचा गुण वापरताच येत नाही.

मग करायचं काय? गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि मानक डब्याच्या मागच्या बाजूला जुळवून पाहावं, पुढची चकचकीत बाजू वाचली नाही तरी चालेल. वर्ष पुरं झालं किंवा सांगितलेले किलोमीटर भरले, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलावं. गाडी धुळीत, रोजच्या कोंडीत किंवा अगदी तोकड्या फेऱ्यांत चालत असेल तर थोडं आधी. डिपस्टिक महिन्यातून एकदा काढून पाहावी. ऑइल पातळीखाली गेलेलं असेल तर जगातलं सर्वांत महाग सिंथेटिकही पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचणार नाही. आणि ऑइल अधिकृत विक्रेत्याकडून सीलबंद घ्यावं, आपल्यासमोर ओतून घ्यावं. नामांकित ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत जुनं गाळलेलं तेल भरून विकणाऱ्यांवर आपल्या शहरांत अधूनमधून धाडी पडत असतात. त्यामुळे ओतून झालेला रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नये, त्याला खिळ्यानं भोक पाडावं आणि झाकण वेगळं फेकावं.